लिहिणाऱ्यांची ओळखपाळख

घरात कुणी लिहिणारं असलं की बाकीच्यांच्या तोंडी एक वाक्य बसतं : "पाठवून ठेव, निवांत वाचते." तो निवांत वेळ सहसा उगवत नाही. उगवलाच, तर त्यात लेख वाचण्यापेक्षा बरं काहीतरी करावंसं माणसाला वाटतं, आणि ते मला पटतं. घरची माणसं आपल्याला सकाळी उठल्यापासून फुकटात ऐकत असतात. त्यांनी वर वाचावंही, ही जरा जास्तच अपेक्षा झाली. माझ्या एका मावशीने तर सरळच सांगितलं होतं, "तू काय लिहिणार ते मला आधीच माहीत असतं गं." तिचं बरोबर होतं. त्यातलं निम्मं तिच्याकडूनच उचललेलं असायचं.

बाहेरची मंडळी जास्त उदार. 'मस्त', 'सुरेख', 'अप्रतिम', जोडलेले दोन हात, वर केलेला अंगठा. गोड वाटतं, नाही कशाला म्हणू? पण हे कौतुक कुठल्याही लेखाला लावता येतं, लेख न वाचतासुद्धा. मीही असं लावलेलं आहे. ती एक रीत आहे, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

मग एखाद्या दिवशी कुणा अनोळखी माणसाचा मेल येतो. "तुमचा लेख वाचला. तिसऱ्या परिच्छेदात जिन्याचं वर्णन आहे, तिथे आधी 'आणि' होता का? नंतर काढलात असं वाटलं. बरं केलंत." संपला मेल. छान नाही, सुरेख नाही.

होता. तिथे 'आणि' होता. मी तो काढला, परत घातला, दिवा मालवून आडवी झाले, उठून पुन्हा काढला. या सगळ्या प्रकाराला कुणी साक्षीदार नव्हतं, आणि ज्याचं तोंड पाहिलेलं नाही असा एक माणूस लांब कुठेतरी बसून मला तो सांगत होता. आनंद नंतर झाला. आधी थोडी भीतीच वाटली, बाथरूममध्ये मोठ्याने गाताना कुणी ऐकल्यासारखी.

हा माणूस स्वतः लिहिणारा निघणार, हे मला तो मेल वाचतानाच कळलं होतं. ज्याने स्वतः कधी एक शब्द काढू की ठेवू करत रात्र घालवली नाही, त्याला दुसऱ्याने काढलेला शब्द दिसायचं कारण नाही. साधा वाचक जे लिहिलंय ते वाचतो, आणि वाचनाचं सुख खरं त्यालाच मिळतं. लिहिणारा दुसऱ्याचा मजकूर वाचताना शिवाय खोडलेलंही वाचत असतो. 'हा शेवट आधी सुचला होता आणि बाकीचा लेख त्याच्यासाठी उभा केला.' 'इथे लिहिता लिहिता दमला.' 'हे वाक्य इथलं नव्हे, पण आवडलं म्हणून टाकवेना.' असं वाचणं काहीसं चोंबडेपणाचं आहे, पण एकदा डोळ्यांना सवय लागली की सुटत नाही.

पुढे पुढे तर नाव न बघताही माणूस ओळखू येतो. माझ्या ओळखीत एक जण आहेत, मराठीत मन लावून अर्धविराम वापरणारे. ते बहुधा एकटेच उरले असावेत. एकीचा प्रत्येक लेख 'तर' ने सुरू होतो, जणू आपण मधूनच बोलणं सोडून उठलो होतो. आणखी एकीच्या लेखात कुणीतरी हटकून दाराची कडी लावायला विसरतं. मी तिला हे सांगितलं तर तिला पत्ताच नव्हता. मग दोन-तीन लेख तिने कड्या-कुलपं टाळून लिहिले, ते काही जमले नाहीत. चौथ्यात परत दार उघडं राहिलं आणि मला हायसं वाटलं. आपल्या संतकवींनी शेवटच्या ओळीत नाव गुंफायची सोय करून ठेवली होती : नामा म्हणे, तुका म्हणे. पण तुकोबांचा अभंग ओळखायला शेवटच्या ओळीपर्यंत थांबावं लागतं, असं कोण म्हणेल? दोन चरणांत कान टवकारतात.

या ओळखीची गंमत अशी की ती उलट्या बाजूने सुरू होते. एरवी आपल्याला माणसाचं आधी नाव कळतं, मग काम, मग घरी कोण कोण असतं, आणि फार वर्षांनी, कळलंच तर, तो रात्री कशाने जागा राहतो ते. इथे मला आधी कळलं की अर्धविरामवाल्यांना उंचीची भीती वाटते, वडिलांशी शेवटचं बोलणं अर्धवट राहिल्याचं त्यांच्या मनातून गेलेलं नाही, आणि गर्दीत शिरण्याआधी ते बाहेर पडायची वाट बघून ठेवतात. ते पोटापाण्यासाठी काय करतात हे मला कितीतरी दिवस माहीत नव्हतं. विचारायचं सुचलंही नाही.

अशा दोस्तीचा एक नमुना मला फार आवडतो. चीनमध्ये तांग राजवटीत बाय जुयी आणि युआन झेन नावाचे दोन कवी होऊन गेले. दोघे सरकारी अधिकारी, तरुणपणापासूनचे मित्र. 815 साली दोघांचीही राजधानीतून दूर दूर, वेगवेगळ्या दिशांना हकालपट्टी झाली. त्या काळी प्रवासी कवी वाटेतल्या टपालचौक्यांच्या भिंतींवर कविता लिहून पुढे जात. युआन झेन त्याच वर्षी आधी ज्या वाटेने गेला होता, तिच्यावरून बाय जुयी काही महिन्यांनी निघाला. त्याने लिहून ठेवलंय की चौकी आली की मी घोड्यावरून उतरतो आणि आधी भिंतीपाशी जातो, खांबांना फेऱ्या घालतो, तुझी कविता शोधत. पुढे युआन झेनला मित्राची आठवण अनावर झाली तेव्हा त्याने एका देवळाची भिंत मित्राच्या कवितांनी भरून टाकली. बाय जुयीला हे कळलं, तेव्हा त्याने युआन झेनच्या ओळी आपल्या घरातल्या पडद्यावर लिहून काढल्या. भिंतीवर स्वतःची कविता लिहिणारे पुष्कळ असतील. मित्राची कविता आपल्या अक्षरात लिहून काढायची, म्हणजे मात्र तिच्या प्रत्येक शब्दावरून हात फिरवायचा. लिहिणाऱ्याने लिहिणाऱ्याला देण्यासारखं याहून मोठं काही मला तरी सुचत नाही.

प्रत्यक्ष भेटीचं प्रकरण मात्र जरा बेताचंच असतं. एमिली डिकिन्सन या अमेरिकन कवयित्रीने 1862 मध्ये टॉमस हिगिन्सन या लेखकाला चार कविता पाठवल्या आणि विचारलं, माझ्या कवितेत जीव आहे का? त्यानंतर आठ वर्षं त्यांचा पत्रव्यवहार चालला होता, मग 1870 मध्ये तो तिच्या घरी गेला. भेटून आल्यावर त्याने बायकोला कळवलं की माझी शक्ती इतकी शोषून घेणारं माणूस मी पाहिलेलं नाही, आणि मी हिच्या जवळपास राहत नाही ते बरंच आहे. बिचारा. पण त्याचं म्हणणं मला कळतं. 'तर' वाल्या बाईंना मी पहिल्यांदा भेटले तेव्हा लेखांत अखंड बोलणारी ही बाई समोर गप्प बसून होती, आणि माझ्याबद्दल तिचीही तीच तक्रार असावी. आम्ही हवेबद्दल बोललो. रस्ता सापडला ना, म्हणून विचारून झालं. तेही संपल्यावर तिने पिशवीतून छापलेला एक कागद काढला आणि म्हणाली, "या शेवटाचं काय करू, सांगाल?" मग आम्हाला वेळेचं भान राहिलं नाही. 'अहो' चं 'अगं' कधी झालं तेही कळलं नाही. कागद पुढ्यात आला आणि आम्ही आमच्या ओळखीच्या जागी पोचलो, एवढंच.

आता 'अहो रूपम् अहो ध्वनिः' ची आठवण कुणाला तरी होणारच. उंटाच्या लग्नात गाढवं गायला, आणि दोघांकडून एकमेकांची स्तुती. लिहिणाऱ्यांच्या मैत्रीवर हा आरोप जुनाच आहे, आणि फार खोटाही नाही. तू माझ्या पुस्तकाला चांगलं म्हण, मी तुझ्या. मी थोडं चालवून घेते. वर्षानुवर्षं कुणी न मागता लिहीत बसणाऱ्या माणसाला कुणीतरी अधूनमधून 'वा' म्हणावं, त्याने साहित्याचं काही बुडत नाही. खऱ्या कौतुकाला पत्ता असतो, तो असला म्हणजे झालं. परिच्छेद कुठला, वाक्य कुठलं, शब्द कुठला. आणि ज्याला पत्ता सांगता येतो त्याला 'इथे घसरलात' हेही त्याच पत्त्यावर सांगता येतं. ते सांगितल्यावर दोन दिवस मला राग येतो. तिसऱ्या दिवशी मी मुकाट्याने वाक्य बदलते, आणि त्याला कळवत नाही.

कधीकधी हे ओळखणं आणखी पुढे जातं, आणि माणसाला स्वतःबद्दल जे माहीत नाही ते मित्र सांगतो. एडवर्ड थॉमस हा इंग्रज लेखक परीक्षणं आणि मागणीनुसार गद्य पुस्तकं लिहून घर चालवायचा, आणि त्यात पार पिचून गेला होता. कवी रॉबर्ट फ्रॉस्ट 1912 मध्ये बायकामुलांसह अमेरिकेतून इंग्लंडला आला तेव्हा चाळिशीला टेकला होता आणि त्याचं एकही पुस्तक निघालेलं नव्हतं. 1914 मध्ये फ्रॉस्टचं दुसरं पुस्तक आलं. हे काहीतरी निराळं आहे, हे थॉमसने बरोबर हेरलं आणि एका नव्हे, तीन नियतकालिकांत त्यावर लिहिलं. इथपर्यंत परीक्षक आणि कवी. पण दोघं मैलोन् मैल पायी भटकू लागले, आणि फ्रॉस्टने थॉमसला त्याच्याच गद्य पुस्तकातले उतारे दाखवून म्हटलं, तू कविताच लिहितोयस, याच लयीत ओळी पाडून लिही. त्या डिसेंबरात, छत्तिशीत, थॉमस कविता लिहायला लागला. संपादकांनी ओळखू नये म्हणून टोपणनावाने पाठवायचा. जेमतेम दोन वर्षांत एकशे चाळीसच्या वर कविता झाल्या. एप्रिल 1917 मध्ये, पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या आरासच्या लढाईत तो मारला गेला.

याच दोस्तीतली दुसरी गोष्ट मला तेवढीच महत्त्वाची वाटते. रानात कुठल्या वाटेने जायचं यावर थॉमस घुटमळायचा, आणि कुठूनही गेलं तरी 'त्या बाजूला गेलो असतो तर' म्हणून हळहळायचा. फ्रॉस्टने दोन वाटांची ती प्रसिद्ध कविता लिहिली ती त्याची थट्टा म्हणून. त्याला पाठवली. थॉमसला थट्टा कळलीच नाही! ज्याने आपल्याला आपल्यापेक्षा जास्त ओळखलं त्याचा विनोद ओळखू येऊ नये, हे किती बरं आहे. माणूस पुरता ओळखला गेला तर पुढचं पत्र कशाला लिहायचं?

सगळ्यांच्या वाट्याला फ्रॉस्ट येत नाही, वेळेवर तर नाहीच. केशवसुत 1905 मध्ये गेले तेव्हा त्यांचा एकही संग्रह निघालेला नव्हता. त्यांची कविता पुस्तकरूपाने 1917 मध्ये आली, हरि नारायण आपट्यांनी ती प्रसिद्ध केली. तोवर गोविंदाग्रज स्वतःला केशवसुतांचा चेला म्हणवू लागले होते. ओळख पटली होती, पण ज्याची पटली त्याला ती कळायची राहून गेली.

हेव्याबद्दल काहीच बोलले नाही, असं कुणी म्हणेल. हेवा वाटतो. कडीवाल्या मैत्रिणीने एकदा पावसावर असं काही लिहिलं की मी माझा अर्धा झालेला लेख बंद करून ठेवला आणि तिला मुद्दाम उशिरा कळवलं. एवढा हेवा मैत्रीला मानवतो.

जड जातं ते कुणी लिहायचं थांबलं की. शेजारच्यांच्या दाराला कुलूप दिसलं तर चौकशी करता येते. पण फक्त लिखाणातून माहीत असलेला माणूस गप्प झाला, तर कुणाला विचारणार, आणि काय विचारणार? आजारी असेल. कंटाळला असेल. सुखात असेल, आणि लिहायची गरज उरली नसेल, ज्याच्याबद्दल तक्रार करणं बरं नव्हे. अर्धविरामवाले असेच मध्येच थांबले. 'कसे आहात' हे विचारण्याइतकी आमची ओळख नव्हती, आणि 'का लिहीत नाही' हे विचारणं तर उधारी वसूल करण्यासारखं. शेवटी मी त्यांचा कुलपांवरचा एक जुना लेख काढून वाचला आणि त्यातल्या एका वाक्याबद्दल लिहिलं, किल्ली हरवल्यावर लोक आधी त्याच त्या खिशात पुन्हा हात घालतात, त्याबद्दल. बाकी काही नाही.

उत्तर फार दिवसांनी आलं. "आभार. पण शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य खोटं आहे. इतक्यांनी वाचलं, कुणाला दिसलं नाही. बघा सापडतंय का."

मी शोधत बसले. एकावर संशय होता, त्याच्याखाली रेघ मारून पाठवलं. या वेळी उत्तर लगेच आलं : "ते नव्हे, पण तुम्ही म्हणालात आणि आता मलाही ते खटकायला लागलं. दोन्ही बदलून पाठवतो. तुम्हीच वाचा आधी."