550 वॅटचा फुकट एसएमपीएस

2024 च्या दिवाळीआधीची गोष्ट. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती आणि त्यात एक ताई आणि तिचा बारावीतला भाऊ आले, हातात काचेच्या साईडचं लायटिंगवालं कॅबिनेट आणि दुसऱ्या दुकानाचं कोटेशन. कॅबिनेट घेऊन झालं होतं, सोबत 550 वॅटचा एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, फुकट मिळाला होता, आता गेमिंग कॉम्प्युटरचं बाकीचं सामान साधारण 45 हजारात बसवायचं होतं.

कोटेशनवर आय7, 16 जीबी रॅम, 4 जीबी ग्राफिक्स कार्ड. भाऊ जाम खुश. मॉडेल नंबर बघितले तर आय7-3770, म्हणजे 2012 चा प्रोसेसर, आणि कार्ड जीटी 730, ते 2014 चं, वर जुनी डीडीआर3 मेमरी. चिपमध्येच दम नसेल तर 4 जीबी काय कामाची? त्याला व्हॅलोरंट आणि जीटीए 5 खेळायचं होतं, आणि विंडोज 11 वर व्हॅलोरंटला टीपीएम 2.0 आणि सिक्युअर बूट ही सुरक्षेची सोय लागते, ती इतक्या जुन्या मदरबोर्डावर आणायची कुठून.

मी लिस्ट कायम कार्डापासून सुरू करतो, गेमिंगमध्ये सगळ्यात जास्त पैसा तिथेच जायला हवा. आरएक्स 6600 कार्ड, 8 जीबी, 1080पी म्हणजे फुल एचडीला मस्त चालतं. मग प्रोसेसर रायझन 5 5600, साधा बोर्ड, रॅम 8-8 च्या दोन स्टिक म्हणजे ड्युअल चॅनल मिळतं, दोन्ही स्टिक एकदम काम करतात, आणि 500 जीबी एनव्हीएमई एसएसडी. बजेटमध्ये कसंबसं बसलं.

मग तो एसएमपीएस हातात घेतला. एकदम हलका. लेबल वाचलं, 12 व्होल्टच्या लाईनला फक्त 14 अँपिअर. ताई अकाउंट्समध्ये काम करणारी, तिने तिथेच गुणाकार केला, 168 वॅट. एकटं कार्डच 132 वॅटचं, प्रोसेसर 65 चा, पंखे वेगळे आणि हे सगळं त्याच लाईनवर. "दादा, मग हे 550 कुठून आलं?" मला खरंच राग आला, लोक महिनोन्महिने पैसे साठवून येतात आणि त्यांच्या हातात हे देतात.

चांगला 550 वॅटचा, ब्रॉन्झ रेटिंगचा एसएमपीएस घातला तर बजेट ओलांडत होतं. भाऊ म्हणाला कार्ड छोटं करा. मी म्हटलं अजिबात नाही, प्रोसेसर खाली आणू, आय3-12100एफ आणि त्याचा बोर्ड घे, चार कोर आठ थ्रेड, पुढे त्याच बोर्डात आय5 बसेल. आय7 वरून आय3 ऐकून त्याचा चेहराच पडला. नशिबाने तसंच एक मशीन डिलिव्हरीसाठी तयार होतं, त्यावर जीटीए 5 लावून दिलं. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला, हेच करा.

रात्री ताईचा फोन, दादा डिस्प्लेच येत नाहीये. केबल बोर्डाच्या पोर्टात लावली होती. एफवाल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतंच, खाली कार्डात लाव म्हटलं. आलं लगेच.