तुम्ही विचारलंत म्हणून: हो, मी याच गाडीतून पनवेलला जाते

"ताई, एवढ्याशा गाडीतून एक्सप्रेसवेला जाता? भीती नाही वाटत?" साताऱ्याच्या गोडोलीतल्या भाजीवाल्यापासून पनवेलच्या लेकीच्या सासूबाईंपर्यंत सगळ्यांचं मला हे विचारून झालंय. त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न असतोच, "आणि ती कंपनी तर बंद पडली ना?" एरवी मी "चालतंय की" म्हणते आणि विषय बदलते. पण गेल्या आठवड्यात शाळेतल्या एका सहकारी बाईंनी सगळ्या स्टाफसमोर विचारलं, आणि "नातवंडाला त्यात बसवत नाही ना हो?" असंही वर विचारलं. तेव्हापासून उत्तर डोक्यात घोळतंय. एकदा नीट सांगून टाकते.

कंपनीचं आधी सांगते, ते सोपं आहे. माझी गाडी डॅटसनची, रेडी-गो. डॅटसन हा निसानचा स्वस्त गाड्यांचा ब्रँड. 2014 मध्ये तो भारतात नव्यानं आला आणि 2022 च्या एप्रिलमध्ये त्याचं उत्पादन थांबलं. माझी रेडी-गो 800 सीसी इंजिनाची आहे. तिचं इंजिन रेनॉच्या क्विडमधलंच, खालचा सांगाडाही त्याच घराण्यातला. त्यामुळं मेकॅनिकला सामान मिळतं. ब्रँड गेला म्हणून गाडी रस्त्यावरून उचलून नेत नाहीत.

आता मुख्य प्रश्न. भीती वाटते का? वाटते. कुठं वाटते तेही सांगते, कारण विचारणाऱ्यांना वाटतं की मला काही कळत नाही म्हणून मी निघते.

घाटात मला भीती वाटत नाही. खंबाटकी चढताना दोघी-तिघी असलो तर एसी बंद करते, सेकंडवर ठेवते, पुढच्या ट्रकच्या मागं धीरानं चढते. त्या चढावर महिना दोन लाखांच्या हप्त्याची गाडी असो की माझी, ट्रकच्या मागंच राहावं लागतं. भीती वाटते ती खालापूरच्या अलीकडं सपाटीला. मी डाव्या-मधल्या लेनमध्ये ऐंशीनं चाललेली असते. बाजूनं कंटेनर गेला की आधी गाडी त्याच्याकडं ओढली जाते आणि तो पुढं निघाला की बाहेर ढकलली जाते. गाडीचं वजन सातशे किलोच्या आत, उंची बऱ्यापैकी आणि चाकं तेरा इंची. स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरून तो धक्का येण्याआधीच हात तयार ठेवावा लागतो. हे मला कुणी शिकवलं नाही, हातानं शिकले. आणि डावीकडच्या ट्रकला ओलांडायला उजव्या लेनमध्ये गेले की मागून अप्पर दिवे सुरू. शंभरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर मागचा एकशे तीसनं येत असतो, आणि त्याच्या मते अडथळा मी असते. टोलनाक्यावर मात्र त्याच्या फास्टॅगमधून जेवढे कापतात तेवढेच माझ्याही. कार म्हणजे कार, एकच दर.

गाडी घेतली तेव्हा मी एक वाक्य सगळ्यांना ऐकवायचे, "वेग हातात ठेवला की लहान गाडी आणि मोठी गाडी सारखीच." तेव्हाच्या मला आज मी विचारते, मागच्याचा वेग तुझ्या हातात आहे का? 2019 मध्ये ग्लोबल एनकॅपनं, म्हणजे गाड्या आपटून त्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेनं, रेडी-गो आपटून बघितली. मोठ्यांच्या सुरक्षेला पाचपैकी एक तारा मिळाला. ती चाचणी ताशी चौसष्टला असते. मी ऐंशीला असते. हा हिशेब मला येतो. तुम्ही तो मला सांगायला येता त्याच्या आधीच त्या हिशेबानं मी बऱ्याच रात्री जागून काढल्यात.

आणखी एक दाखला मी ढाल म्हणून वापरायचे. 2022 च्या सप्टेंबरमध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघात झाला. गाडी मर्सिडीज. मागच्या सीटवरच्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, ते दोघंही गेले. मी म्हणायचे, बघा, गाडीनं काय होतं, पट्टा लावा. पट्ट्याचं खरंच आहे आणि माझ्या गाडीत मागं बसणाऱ्यानंही पट्टा लावल्याशिवाय मी चावी फिरवत नाही. पण त्याच गाडीतले पुढचे दोघं वाचले, हे मी सांगायचे नाही. माझ्या गाडीत ते वाचले असते का, असं मुलीनं एकदा विचारलं. तेव्हापासून तो दाखला मी देत नाही.

आता जे घडलं ते सांगते. आमच्यातल्या बऱ्याच जणांना अर्धवट माहीत आहे, आणि "तिनं आजारी आईला त्या गाडीतून आणलं" एवढंच फिरलंय.

आईचं पोटाचं ऑपरेशन परळला ठरलं. जायच्या दिवशी पहाटे मी गाडी दारात लावली. पुढची सीट मागं सरकवून ठेवली होती, पाठीला उशी, पायाशी तिचा पाण्याचा तांब्या. आईनं हातातली पिशवी मागच्या सीटवर ठेवलीसुद्धा होती. दादा आतून आला, ती पिशवी उचलली आणि म्हणाला, "आईला मी या डब्यात घालून मुंबईला पाठवणार नाही." काकू होत्या, वहिनी होती, शेजारचे दोघं गेटापाशी उभे होते. त्यानं ट्रॅव्हल्सवाल्याला सांगून इनोव्हा मागवलेली होती, मला न सांगता. आईचा हात अजून माझ्या गाडीच्या दाराच्या कडीवर होता. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं, आणि हात काढून घेतला.

दादा आणि आई इनोव्हातून गेले. मी मागून एकटी गेले, कारण परळला राहायचं मलाच होतं. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडेपर्यंत त्यांचे लाल दिवे दिसत होते. एक्सप्रेसवेवर ते पार पुढं गेले. मी पोहोचले तोवर आई वॉर्डात झोपलेली.

येतानाचं जास्त लांबलं. डिस्चार्जचे कागद, इन्शुरन्सची मंजुरी, असं करता करता निघायला संध्याकाळचे सहा झाले. पुन्हा इनोव्हा आली, ड्रायव्हर दुसरा. मीही माझी गाडी घेऊन मागोमाग. खालापूरच्या फूड मॉलला चहाला थांबलो. दादा पार्सल आणायला आत गेला. मी आईला बघायला इनोव्हापाशी गेले, तर ड्रायव्हर बाहेर उभा राहून बाटलीतलं पाणी डोळ्यांवर मारत होता. एकदा मारलं, पुसलं, पुन्हा मारलं. मग बॉनेटवर दोन्ही कोपरं टेकून मान खाली घालून तसाच राहिला. मी विचारलं, "दादा, झोप झालीये का?" तो म्हणाला, "काल रात्री शिर्डीहून आलो ताई, सकाळी एअरपोर्टचं भाडं होतं. रोजचंच आहे हे." पोरगाच होता, पंचवीस-सव्वीसचा. त्याच्यावर माझा राग नाही, तेव्हाही नव्हता. ज्यानं त्याला लागोपाठ तिसऱ्या भाड्यावर पाठवलं त्याच्यावर होता.

दादा आल्यावर मी म्हटलं, याला झोप आलीये, तासभर थांबू. दादा म्हणाला, "आईला तासभर पार्किंगमध्ये बसवू? सवय असते यांना." आमचा आवाज चढला. आणि मागच्या सीटवरून आई म्हणाली, "मी हिच्या गाडीत बसते."

दादा एक शब्द बोलला नाही. त्यानंच तिला धरून माझ्या गाडीपाशी आणलं, पट्टा टाक्यांवर येऊ नये म्हणून शालीची घडी करून पोटाखाली सरकवली, औषधाची पिशवी माझ्या हाताशी ठेवली. मला वाटलं, आता तोही मागं बसेल. तो परत इनोव्हात गेला आणि ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसला. नंतर वहिनीकडून कळलं की साताऱ्यापर्यंत तो त्या पोराशी बोलत होता. गाव कुठलं, शेती किती, लग्न ठरलंय का. एक मिनिट त्यानं त्याला गप्प राहू दिलं नाही.

इथं थांबले असते तर माझी बाजू छान दिसली असती. पण पुढचं सांगायलाच हवं.

बोरघाट चढेपर्यंत आई ठीक होती. देहूरोडपासून बायपासला लागलो आणि हाल सुरू झाले. उड्डाणपुलाच्या प्रत्येक सांध्यावर, गतिरोधकाच्या प्रत्येक पट्ट्यावर लहान चाकाची गाडी आपटते, आणि ताज्या टाक्यांना ते सगळं कळतं. मी चाळीसवर आले, तरी कळत होतं. आई ओरडत नव्हती. दर सांध्याला तिचा श्वास अडकायचा आणि डावा हात डॅशबोर्डवर जायचा. नवले पुलापाशी मागून ट्रक येत होते आणि मला हळूही जाता येईना, जोरातही जाता येईना. "किती राहिलं गं?" हे तिनं कात्रजच्या बोगद्यात विचारलं, खेड-शिवापूरच्या टोलला विचारलं, शिरवळला विचारलं. शिरवळला थांबवून तिला दोन घोट पाणी दिलं, ते उलटून पडलं. उलटीनं पोटाला ताण बसला आणि ती पहिल्यांदा रडली. खंबाटकी चढताना एसी बंद, काचा उघड्या, पुढं उसाचा ट्रक, त्याचा सगळा धूर आत. तिनं पदर नाकाला लावला होता. एवढा एक घाट मला कधी इतका लांब वाटला नव्हता.

इनोव्हा आमच्या आधी घरी पोहोचली, सुखरूप. दादा दारात उभा होता. सकाळी ड्रेसिंगला एक डाग दिसला. डॉक्टर म्हणाले, टाके शाबूत आहेत, काळजीचं नाही. दादानं तो डाग पाहिला. तेव्हाही तो काही बोलला नाही.

आता मला सांगा, मी बरोबर होते का? झोपाळलेल्या माणसाच्या हातात आईला द्यायचं नव्हतं, यावर मी आजही ठाम आहे. आणि आरामशीर गाडीतून आली असती तर तिला तो त्रास झाला नसता, हेही डोळ्यांनी पाहिलंय. इनोव्हा पोहोचलीच की, असं म्हणणारे म्हणतात. पोहोचली, दादा जागा होता म्हणून. त्याला मी हे श्रेय मनापासून देते. पण ते श्रेय दिल्यानं माझा खालापूरचा निर्णय चुकीचा ठरतो, असं मला वाटत नाही. आईला विचारलं तर ती म्हणते, "दोघांनी मिळून आणलंत मला," आणि विषय संपवते.

"मग मोठी घ्या ना," असं तुम्ही म्हणता. घराचा हप्ता अजून चालू आहे. माझ्या एकटीच्या पगारात दुसरा हप्ता बसत नाही, हे मी लपवत नाही. "एसटीनं जा." जायचे. साताऱ्याहून मुंबईची एसटी कळंबोलीला उतरवते, रात्री, हायवेच्या कडेला, आणि तिथून सामान घेऊन रिक्षा शोधायची. लेकीच्या बाळंतपणात रात्री साडेदहाला फोन आला आणि पहाटेच्या आत मी तिच्या उशाशी होते, ते या गाडीमुळं. ज्याला दहा-बारा लाख परवडत नाहीत त्यानं लेकीकडं जाऊच नये, किंवा गेलंच तर मान खाली घालून जावं, असं तुमच्या प्रश्नातून मला ऐकू येतं. तुमच्या मनात ते नसेलही. पण तुमच्यातल्या एकानंही कधी असं विचारलं नाही की लहान गाडी घेणाऱ्याला कमी एअरबॅग का द्यायच्या. आता ऑल्टो के10 मध्येसुद्धा सहा एअरबॅग येतात, म्हणजे देता येत होत्या. माझ्या गाडीत एकच आहे, ड्रायव्हरपुढं, आणि तीही मी वरचं मॉडेल घेतलं म्हणून. आई माझ्या शेजारी बसली होती त्या सीटपुढं काही नाही. हे मला त्या रात्री बायपासवर, तिचा हात डॅशबोर्डवर जाताना, दर वेळी दिसत होतं.

नातवाबद्दल विचारलंत. त्याला या गाडीतून मी एक्सप्रेसवेला नेत नाही. पनवेलमध्ये बागेपर्यंत नेते, मागं बेबी सीटला बांधून. लेकीनं सांगायच्या आधीच मी ते ठरवलं होतं. मग स्वतः कशी जाता, हा तुमचा पुढचा प्रश्न मला ठाऊक आहे. त्याला माझ्याकडं असं उत्तर नाही जे तुम्हाला पटेल. मी जाते. पहाटे निघते, अंधार पडायच्या आत पोहोचायचं बघते, टायर झिजायची वाट न बघता बदलते, डोळा जड झाला की थांबते.

दिवाळीत दादानं विषय काढला. जुनी दे, मी दोन लाख घालतो, सहा एअरबॅगवाली घे म्हणाला. तो मनापासून म्हणाला होता, आणि मलाही ती गाडी हवी आहे. मी त्याला म्हटलं, त्या दिवशी दारात सगळ्यांसमोर डबा म्हणालास, ते आधी मागं घे. तो म्हणाला, "ते मी आईसाठी बोललो. आजही तेच बोलेन." पैशांचं बोलणं तिथंच थांबलंय. शनिवारी पनवेलला निघायचंय, चाकांची हवा उद्या बघून घेणार आहे.