बोलेल की उशिरा, थांबू का?

हा प्रश्न मला आईपेक्षा सोबत आलेली आजीच जास्त विचारते. दीड-दोन वर्षांचं मूल मांडीवर असतं. ‘हाक मारली तर बघत नाही, पण हुशार आहे हो, सगळं समजतं. ह्याचा बापही चार वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता. थोडं थांबू का?’ मी ऑडिऑलॉजिस्ट आहे, जिल्ह्याच्या गावी कान तपासते. आजींना माझं एकच सांगणं असतं: बोलण्याची वाट बघायची तर बघा, पण कान तपासायला एक दिवसही थांबू नका.

‘घरी तपासलंय आम्ही’ असंही बहुतेक जण सांगतात. मागे उभं राहून ताट वाजवलं आणि बाळ दचकलं, झालं समाधान! पण ताटाचा दणका अर्धवट ऐकू येणाऱ्या मुलालाही पोचतो. कधी भिंतीवरची सावली दिसते, कधी फरशीचा हादरा कळतो. बोलण्यातले ‘स’, ‘श’, ‘फ’ फार हलके असतात आणि बऱ्याच मुलांच्या बाबतीत आधी तेच निसटतात. अशा मुलाला ‘बस’ म्हटलेलं ‘ब’ एवढंच ऐकू येतं. शिवाय अजिबात ऐकू न येणारं बाळही पहिले काही महिने हुंकार देतं, खिदळतं, त्यामुळे घरच्यांना शंकाच येत नाही. मग जिभेला वेखंड लावून होतं, नवस बोलून होतो आणि वर्ष निघून जातं. (कानात तेल मात्र कृपा करून घालू नका.)

ते वर्ष मला का खुपतं, ते सांगते. सत्तरीतल्या आजोबांना कमी ऐकू येऊ लागलं, तरी शब्द त्यांच्याकडे साठलेले असतात. अर्धं वाक्य ऐकून उरलेलं ते जुळवून घेतात. त्यांनीही मशीन लवकर लावावं, कारण वर्षानुवर्षं न ऐकलेल्या आवाजांची सवय सुटते आणि मग मशीन लावलं की ‘नुसता गलका होतो’ म्हणून ते कपाटात जातं. पण बाळाकडे जुळवायला काहीच नसतं. मेंदूत ऐकण्याच्या वाटा पहिल्या दोन-तीन वर्षांत पक्क्या होतात, त्याही आवाज पोचला तरच. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये क्रिस्टीन योशिनागा-इतानो यांनी १९९८ साली अभ्यास प्रसिद्ध केला. श्रवणदोष ६ महिन्यांच्या आत कळून लगेच मदत मिळालेली मुलं भाषेत इतरांच्या बरीच पुढे होती. म्हणून हिशेब असा: पहिली चाळणी १ महिन्यात, पक्कं निदान ३ महिन्यांत, उपाय ६ महिन्यांत सुरू.

पुढचा प्रश्न ठरलेला असतो: एवढंसं बाळ, ते काय सांगणार? त्याला काही सांगावं लागत नाही. ओएई तपासणीत कानात मऊ बूच बसवून बारीक टकटक ऐकवतात. आतल्या कानातल्या केसासारख्या पेशी धड असतील तर त्या टकटकीला उलट आवाज देतात आणि तो बुचातला मायक्रोफोन टिपतो. हा आवाज लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी १९७८ साली जगापुढे मांडला. जोराची कावीळ झालेल्या किंवा काचेच्या पेटीत राहिलेल्या बाळांना मात्र तेवढ्यावर सोडता येत नाही. त्यांच्या पेशी उत्तर देतात, पण नस आवाज पुढे नेत नाही, असं होऊ शकतं. तिथे बेरा लागते: कपाळाला नि कानामागे इलेक्ट्रोड चिकटवून आवाज मेंदूच्या बुंध्यापर्यंत पोचतो का ते बघायचं. त्यासाठी बाळ गाढ झोपलेलं हवं. म्हणून मी बजावते, सकाळी लवकर उठवा आणि एसटीत डोळा लागू देऊ नका. आया बिचाऱ्या तासभर त्याला खिडकीतून गाई-म्हशी दाखवत येतात.

जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाला दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायचं यंत्र, मिळू शकतं. त्याचं काम वांद्र्याची अली यावर जंग ही श्रवणदोषासाठीची राष्ट्रीय संस्था बघते. पण वयाची अट ५ वर्षांची आहे आणि आधी काही महिने साधं मशीन लावून पाहावं लागतं. चौथ्या वर्षी आलेल्या घराची कागदपत्रांमागे किती धावपळ होते, ते मी बघते. कुठे जावं कळत नसेल तर अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांना सांगा. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला आणि ऐकण्याची तपासणी त्यात येते.

मशीन लागल्यावर घरचं काम सुरू होतं. रोज सकाळी ओठ झाकून आ, ऊ, ई, म, श, स म्हणायचं आणि मूल कशाला वळतं ते बघायचं. काल ‘स’ ला वळलं आणि आज नाही, तर मोल्ड (मशीनचा कानात बसणारा, कानाच्या मापाचा भाग) मळाने बुजलाय का, सेल उतरलाय का ते आधी बघा. मोल्ड कानाबरोबर वाढत नाही, तो दर काही महिन्यांनी नवा करावा लागतो. सेल मुलाच्या हाती लागू देऊ नका, गिळला तर जिवावर बेततं.

आणि कान उत्तम निघाले, तरी आजी, फेरी फुकट गेली म्हणू नका. मग मूल बोलत का नाही, याचं दुसरं कारण बालरोगतज्ज्ञ आणि स्पीच थेरपिस्ट मिळून शोधू लागतात, आणि तेही चौथ्या वर्षाऐवजी दुसऱ्याच वर्षी.