डीव्हीडीच्या तुकड्यातून इंडिगो: या महिन्याची नोंद

मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की इंडिगोचा (कापड रंगवायच्या निळ्या रंगाचा) स्पेक्ट्रम, म्हणजे तो कोणत्या तरंगलांबीचा उजेड किती शोषतो याचा आलेख, मिळाला. तो इंडिगोचा नव्हताच! वाण्याकडून आणलेली कपड्यांची नीळ होती ती, आणि त्या बाटलीत रंग भलताच असतो. आता रंगारी वापरतात ती खरी वडी आणली आहे.

उजेडातले रंग वेगळे करून मोजणारा स्पेक्ट्रोमीटर तोच: डीव्हीडीचा तुकडा, पुठ्ठ्याचा खोका, दोन ब्लेडमधली फट आणि वेबकॅम. सीएफएल दिव्यातल्या पाऱ्याच्या ४३६ आणि ५४६ नॅनोमीटरच्या रेषांवर जुळवून घेतला. पांढरा एलईडी मात्र बाद केला. ६५० नॅनोमीटरच्या पुढे त्याचा उजेड इतका मंदावतो की शोषणाच्या शिखराचा उजवा उतार नुसता खरखरीत येतो. माळ्यावरचा जुना पिवळा बल्ब कामी आला.

वडीचा चिमूटभर चुरा डीएमएसओ या कोमट द्रावकात ढवळून गाळला. शिखर ६१८ला. पुस्तकी आकडा ६२०च्या आसपास, म्हणजे खोक्याच्या मानानं झकास. ५४०पाशी बारीकसा खांदा दिसतोय, तो बहुधा इंडिरुबिन या इंडिगोच्या भावंडाचा. तेही इंडिगोसारखं दोन इंडोल (नायट्रोजन असलेली जोडवलयं) जोडूनच बनतं, पण जोड वेगळ्या जागी, म्हणून रंग लाल.

रंग कळला, रचना कुठे कळली? म्हणून ओळखीतल्या एका एमएस्सीच्या विद्यार्थ्याकडून आयआर (अवरक्त) स्पेक्ट्रम काढून घेतला; रेणूतला कोणता बंध कोणत्या आकड्याला कंपतो ते त्यात दिसतं. पहिली पेलेट (केबीआर, म्हणजे पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये नमुना मिसळून दाबलेली चकती) वाया गेली. केबीआर दमट होतं, ३४०० सेंमी⁻¹पाशी पाण्याचा हा भला मोठा फुगवटा आणि एनएच (नायट्रोजन-हायड्रोजन बंध) त्यात गडप. दुसऱ्या वेळी केबीआर रात्रभर ओव्हनमध्ये ठेवलं. मग एनएच ३२७०ला आणि कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध) १६२७ला, दोन्ही स्वच्छ.

त्या १६२७कडे मी बराच वेळ बघत बसलो. साध्या कीटोनचं कार्बोनिल १७१५च्या आसपास असतं, इथं ते जवळजवळ नव्वदनं खाली! नायट्रोजनवरचे इलेक्ट्रॉन मधल्या दुहेरी बंधातून ऑक्सिजनकडे सरकतात, वर शेजारच्या एनएचचा हायड्रोजन त्याच ऑक्सिजनला ओढतो. बंध सैल पडतो, कंपन मंदावतं. रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ फॉन बायरनं १८८३मध्ये इंडिगोची रचना मांडली तेव्हा हाताशी नुसत्या रासायनिक क्रिया होत्या, यातलं एकही यंत्र नव्हतं.

(‘इंडोल’ हे नावही इंडिगोवरूनच आलंय, म्हणजे बारसं लेकराच्या नावावरून.)

पुढची पेलेट आयसॅटिनची, म्हणजे इंडिगोच्या ऑक्सिडीकरणातून मिळणाऱ्या पदार्थाची. त्याचं कीटोन १७००च्या वर यायला हवं. केबीआर आजच ओव्हनमध्ये ठेवायला सांगितलंय.