शाफ्ट्सबरींच्या नोंदीतलं एक क्रियापद

‘१८४७ मध्ये लॉर्ड शाफ्ट्सबरींनी संसदेत दहा तासांचा कायदा संमत करून घेतला व कामगारांचा आठवडा ६० तासांवर आणला.’ मी तपासत असलेल्या चरित्रकोशाच्या एका नोंदीतली ही एक ओळ. तिने माझा अख्खा दिवस खाल्ला.

इंग्रज उमरावाची नोंद हाती आली की आधी समासात आखायचं ते कोणत्या वर्षी कोणतं नाव. वडील २ जून १८५१ ला वारले, तेव्हा हे सातवे अर्ल ऑफ शाफ्ट्सबरी झाले. तोवर ते लॉर्ड ॲशली. थोरल्या मुलाची ही पदवी नुसती मानाची, म्हणूनच ते कॉमन्स सभेत बसू शकत होते. म्हणजे १८४७ ला ‘शाफ्ट्सबरी’ चूक. इथपर्यंत सरावाचं काम.

पुढची चूक मोठी. कायद्याला राणीची संमती मिळाली ८ जून १८४७ ला आणि त्या दिवशी ॲशली संसदेतच नव्हते! ते डॉर्सेटचे खासदार. आयात धान्यावर जकात हवी असणाऱ्या जमीनदार-शेतकऱ्यांनी त्यांना निवडून दिलेलं. १८४५ च्या अखेरीस आयर्लंडात बटाटा कुजला आणि ही जकात लावणारे धान्य कायदे गेलेच पाहिजेत, असं त्यांचं मत झालं. मतदारांना दिलेला शब्द मोडून जागा अडवून ठेवणं त्यांच्या इव्हँजेलिकल (कट्टर धर्मनिष्ठ प्रोटेस्टंट) सदसद्विवेकाला पटेना. २९ जानेवारी १८४६ ला त्यांनी दहा तासांचं विधेयक मांडलं आणि दोनच दिवसांनी राजीनामा दिला. विधेयक जॉन फील्डन यांच्याकडे गेलं. त्या मे महिन्यात ते १० मतांनी पडलं, पुढच्या वर्षी १५१ विरुद्ध ८८ ने तरलं. फील्डन स्वतः टॉडमॉर्डनचे कापूस गिरणीमालक. ॲशली बाथमधून परत निवडून आले, पण तोवर कायदा होऊन गेला होता.

आता ६० तास. १८४७ चा कायदा आधी ६३ आणि १ मे १८४८ पासून ५८ तास सांगतो : पाच दिवस दहा, शनिवारी आठ. मग लेखकाने ६० आणले कुठून? दहा गुणिले सहा असं करून बसले असतील, असं मला आधी वाटलं (आमचे लेखक एकमेकांच्या नोंदींवरून उतरवतात, हा जुना रोग). पण ६० हा आकडा खरा आहे, फक्त कायदा १८५० चा. मधल्या काळात मालकांनी पळवाट काढली होती. पहाटे साडेपाच ते रात्री साडेआठ या कायदेशीर पंधरा तासांत बायका-मुलांना पाळीपाळीने आत-बाहेर करायचं, म्हणजे इंजिन चालूच राहतं आणि कोण किती तास राबलं हे निरीक्षकाला पकडता येत नाही. फेब्रुवारी १८५० मध्ये न्यायालयाने ही पद्धत वैध ठरवली. त्यावर तडजोड झाली : सहा ते सहा, जेवणखाणाला दीड तास, शनिवारी दोनला सुट्टी. साडेदहा गुणिले पाच, अधिक साडेसात : ६०. ५८ च्या मानाने काम दोन तासांनी वाढलं, पण गिरणीचं दार ठरल्या वेळी बंद होऊ लागलं. ॲशलींनी ही तडजोड स्वीकारली आणि उत्तर इंग्लंडमधल्या गिरणी कामगारांच्या चळवळीने त्यांना दगाबाज म्हटलं. नोंदीत याचा मागमूस नाही. आणि ‘कामगारांचा’ हेही चूक. दोन्ही कायदे कापड गिरण्यांतल्या बायका आणि १८ वर्षांखालच्यांपुरते होते. पुरुषांना फायदा झाला तो इंजिन थांबलं म्हणून.

नोंदीत ‘धनाढ्य जमीनदार’ असंही होतं. ते खोडलं. विम्बर्न सेंट जाइल्सची इस्टेट हाती आली ती कर्जात बुडालेली, शेतमजुरांची घरं पडकी. गिरणीमालक वर्षानुवर्षं टोमणे मारत होते की आधी डॉर्सेटच्या मजुरांकडे बघा. टोमणा पोकळ नव्हता. टॉलपडल डॉर्सेटमध्येच आहे. १८३४ मध्ये आठवड्याच्या सात शिलिंगांत भागेना म्हणून संघटना बांधणाऱ्या सहा मजुरांना काळ्या पाण्यावर धाडलं ते तिथूनच, आणि तेव्हा जिल्ह्याचे खासदार हेच.

सगळं दुरुस्त झालं, क्रियापद मात्र अडलं. ‘संमत करून घेतला’ नाही, मग काय? ‘मांडला’ म्हणावं तर तो १८४६ मध्ये पडला. ‘प्रयत्न केले’ तर कुणीही केले असतील. १८३३ पासून हे विधेयक त्यांनी अंगावर घेतलेलं. आमच्या ठरीव साच्यात इतक्या वर्षांच्या रेट्यासाठी शब्दच नाही.

खाली शेवटच्या परिच्छेदात तेच पुन्हा : ‘भारतात १८८१ चा कारखाना कायदा संमत करून घेतला.’ १८७५ आणि १८७९ मध्ये त्यांनी लॉर्ड्स सभेत मुंबईच्या गिरण्यांचा प्रश्न काढला, हे खरं. पण मँचेस्टरच्या गिरणीमालकांनाही मुंबईची स्पर्धा खुपत होतीच, आणि १८७८ मध्ये विधेयकाचा मसुदा इथे मुंबईचे पारशी सुधारक सोराबजी शापूरजी बंगालींनी केला होता.

दोन्ही ठिकाणी मी ‘लावून धरला’ असं लिहिलंय. पेन्सिलीने.