माळवदावर एक दांडी रेंज, लॅपटॉपमध्ये पाच सर्व्हर

हिंगोलीकडं आमच्या गावात नेट म्हणजे माळवदावर चढलं तर एखादी दांडी, तीबी लाईट असली तर. तरीबी तिथं लॅपटॉपमध्येच पाच सर्व्हर चालवतो, व्हर्च्युअल मशीन म्हणून (व्हीएम, म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरनं उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर). म्हणून निघायच्या आधीच लॅपटॉप भरून आणतो, डेबियन 12 ह्या लिनक्सची पहिली डीव्हीडी आयएसओ, म्हणजे बसवायची फाईल (पावणेचार जीबीच्या आसपास), बाकीचे लागणारे डेब पॅकेज (डेबियनवर बसवायचे सॉफ्टवेअर), डॉक्युमेंटेशन सगळं.

लोकं म्हणतेत व्हीएमसाठी लै तगडं मशीन लागतं. काही नाही लागत. 16 जीबी रॅम, एसएसडी, बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू, झालं. रॅम खातो तो डेस्कटॉप, तो टाकूच नका, नुसत्या टर्मिनलच्या (टाईप करून हुकूम द्यायच्या) डेबियनला 512 एमबी दिली तरी निवांत चालतंय. व्हीएम चालवायला व्हर्च्युअलबॉक्सबी चालतं, पण होस्ट, म्हणजे खरा लॅपटॉप, लिनक्स असल्यावर केव्हीएम सोडून दुसरं कशाला, 2007 पासून लिनक्सच्या गाभ्यात, कर्नलमध्येच आहे ते.

खरी मजा डिस्कची. एकदाच डेबियन बसवायचं, त्या व्हीएमची डिस्क असलेली क्यूकाऊ2 फाईल रीड-ओन्ली करून ठेवायची, आणि तिला बॅकिंग फाईल, म्हणजे पाया, धरून बाकीच्या मशीन उभ्या करायच्या. नवी फाईल सुरवातीला दोनशेक केबीचीच असती, पुढं जेवढा बदल तेवढीच वाढती. फक्त मूळ फाईलला नंतर हात लावायचा नाही, नाहीतर वरच्या सगळ्या मशीन गेल्या. आणि अशा क्लोन करायच्या आधी मूळ मशीनवर व्हर्ट-सिसप्रेप (ओळखीच्या खुणा पुसणारं टूल) चालवा, नाहीतर सगळ्यांची मशीन-आयडी आन् एसएसएच की (दुरून लॉगिन करताना मशीन ओळखायची किल्ली) एकच निघती.

व्हीएमचं नेटवर्क आयसोलेटेड, म्हणजे बाहेरून तोडलेलं, ठेवलं की मशीन एकमेकींशी आणि होस्टशी बोलतेत, बाहेर काही नाही. भाचा बघायला बसला होता, म्हणला, "मामा, नेट नाही तर पिंग कुणाला करायलात?" (पिंग म्हणजे दुसरं मशीन उत्तर देतंय का बघणं.) म्हणलं, ह्याच डब्यातल्या दुसऱ्या मशीनला. त्याला काय पटलं नाही.

लोडशेडिंगला बॅटरी उतरायला लागली की व्हर्श मॅनेजेडसेव्ह ही कमांड, म्हणजे रॅम आहे तशी डिस्कवर जाती आणि लाईट आल्यावर तिथूनच पुढं चालू. पण मग मशीनचं घड्याळ मागं राहतं, आणि वेळ विचारायला बाहेर कोणी नाही, लॉग सगळे येडेवाकडे. त्यावर उपाय म्हणजे होस्टवर क्रोनी (घड्याळं जुळवणारं सॉफ्टवेअर), त्याच्या सेटिंगमध्ये अलाऊ (मशीनना वेळ विचारू द्यायची) आणि लोकल स्ट्रॅटम 10 (बाहेर कोणी नसलं तरी होस्टनं आपलीच वेळ द्यायची) अशा दोन ओळी, सगळ्या मशीन होस्टलाच वेळ विचारतेत.

आता के3एस (हलकं कुबरनेटिस, म्हणजे बऱ्याच मशीनवर कंटेनर, बंद डब्यातले प्रोग्राम, चालवणारं सॉफ्टवेअर) बसवायचंय. त्याच्या इमेज (कंटेनरच्या तयार फाईली) एका टार फाईलमध्ये बांधून आणाव्या लागतेत, ते पोळ्याला येईन तवा बघू.