सिलिंडर संपला आणि मायक्रोवेव्ह कामाला लागला

आज सिलिंडर संपल्यामुळे रात्रीचा स्वयंपाक मायक्रोवेव्हवर करावा लागला, आणि एरवी शिळे गरम करण्यापुरते वापरले जाणारे हे यंत्र समजून वापरले तर बरेच काम देते, हे जाणवले. त्यातील लहरी अन्नातल्या पाण्याच्या रेणूंना हलवून उष्णता निर्माण करतात, पण त्या साधारण दोन-तीन सेंटिमीटरच आत पोहोचतात; म्हणून बटाटे एकसारख्या आकाराचे निवडून, सालीला काट्याने टोचे मारून, फिरत्या थाळीच्या मधोमध न ठेवता कडेने गोलाकार मांडले, अर्ध्या वेळाने उलटले आणि यंत्र बंद झाल्यावर पाच मिनिटे झाकून ठेवले. त्या पाच मिनिटांत बाहेरची उष्णता गाभ्यापर्यंत जाते. ही पायरी गाळली की मधला भाग कच्चट राहतो. भेंडी मात्र झाकू नये. ती चिरून, तेलाचा हात लावून, पसरट काचेच्या भांड्यात उघडीच ठेवली की वाफ निघून जाते आणि चिकटपणा बराच कमी होतो. पापड तर तेलाविना मिनिटभरात फुलला. फोडणीला मात्र लोखंडी पळीचा खमंगपणा इथे येत नाही, हे माझे ठाम मत (सासूबाईंचेही, हा दुर्मीळ योग). भातासाठी मी यापुढेही कुकरच लावणार, कारण तांदूळ शिजण्याचा वेळ मायक्रोवेव्हमध्ये फारसा वाचत नाही.